विषय: आज कॉलनीत पाणी

कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्यात नोकरीला लागले, त्याला आता वीसेक वर्षं झाली. खातं म्हणजे मी, एक सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी होता, पण मे महिन्यात अख्ख्या ऑफिसला सर्व्हरची भारी काळजी वाटायची. तीही नेमकी जेवणानंतर. "बराबर चालून राह्यला ना, मॅडम?" असं विचारत कोणी ना कोणी आत यायचं, खुर्ची ओढायचं आणि सर्व्हरकडे तोंड करून डोळे मिटायचं.

त्या वर्षी वरच्या ऑफिसनं हुकूम काढला, की कागद बंद. मेल, मीटिंगांची डायरी, मंजुऱ्या, सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे म्हणे सगळे मिळून काम करतील. मी प्रत्येक टेबलावर जाऊन ते बसवलं. ऑपरेटिंग सिस्टिम पायरीपायरीला विचारायची, नक्की करायचं ना? आणि आमची माणसं कॅन्सल दाबायची. कॅन्सल दाबून आजवर कोणाची नोकरी गेलेली नाही, हे त्यांना कॉम्प्युटर यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

या सॉफ्टवेअरची एक खासियत होती. मेल उघडली की पाठवणाऱ्याला आपोआप पावती जायची, की अमक्यानं इतक्या वाजता वाचली. ट्रेनिंगमध्ये मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दुसऱ्या दिवसापासून एकही माणूस मेल उघडेना. तरी कामं चालू होती, म्हणून मी चक्रावले. बघते तर लोक सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच लिहीत होते. 'क्रशरचा पट्टा तुटला वेल्डर पाठवा जेवण झाल्यावर आला तरी चालेल.' आत मेल कोरी. उघडली नाही म्हणजे वाचली नाही, आणि वाचली नाही म्हणजे जबाबदारी नाही. मला हसू आवरेना.

हसू थांबलं ते प्रकरण माझ्यावर आलं तेव्हा. मी कंत्राटावर होते आणि जून संपला की कंत्राट संपणार होतं. कायम करायची मंजुरी प्रशासनाच्या साहेबांनी द्यायची, आणि कागदी अर्ज तर माझ्याच कर्तृत्वानं बंद झालेला. मी मेल पाठवली. आठवडे गेले, पावती येईना. शेवटी केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"मी तं पाह्यलीच नाई तुमची मेल," साहेब म्हणाले.

"यादीत दिसतेय ना, साहेब. विषय, कायम करण्याबाबत."

"विषय दिसते न. पण उघडली नाई न मी." ते खुशीत हसले. "वाचलं का फसलो, मॅडम. काऊन मले फसवता?"

मनातल्या मनात मी त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. मला ती नोकरी हवी होती. रविवारी एस. टी.नं माजरीला आईवडिलांकडे जाता येईल इतक्या जवळ कॉम्प्युटरची दुसरी नोकरी नव्हती. नाही तर पुणे. तिथे जायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं, विचारानंच रडू येई.

उपाय सापडला तो पाण्यात. उन्हाळ्यात कारखान्याच्या कॉलनीत पाणी कधी येईल याचा नेम नसे, आणि पाणी नाही भरलं तर कूलर कोरडा. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात कोरडा कूलर म्हणजे घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. पाणी सोडणारे चाचा दिवसभर त्याच एका प्रश्नाची उत्तरं देऊन वैतागले होते. त्यांना म्हटलं, चाचा, वेळ फक्त मला सांगा. ते हात जोडून म्हणाले, "लिख दो मॅडम, मेरी जान छुडाओ."

मग रोज मेल सुरू झाली. विषय, आज कॉलनीत पाणी. वेळ मात्र आत. घरांच्या प्रत्येक लाइनीची वेळ वेगळी, म्हणून शेजाऱ्याला विचारून भागेना. पहिल्या दिवशी लोक कुरकुरले, "वेळ वरतंच काऊन नाई टाकत?" दुसऱ्या दिवशी घरून बायकांचे फोन यायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे पावत्यांचा पाऊस. बंगल्याच्या लाइनीतून साहेबांचीही आली.

आता त्या सॉफ्टवेअरची दुसरी खासियत सांगते, जी मी ट्रेनिंगमध्ये सांगितली नव्हती. एक मेल बंद केली, की यादीतली तिच्या खालची, म्हणजे तिच्या आधी आलेली, आपोआप उघडायची. ही सोय बंद करता येत होती. मी केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी साहेबांना आधी माझा अर्ज पुन्हा पाठवला आणि लगेच त्याच्यावर पाण्याची मेल.

थोड्या वेळानं साहेब घाम पुसत सर्व्हरच्या खोलीत आले.

"मॅडम, मी पाण्याची बंद केली, तं हे आपोआप उघडली!"

"सिस्टिमच तशी आहे, साहेब."

"न वाचलेली करून टाका न हिले."

"करते. पण पावती गेली."

"कोणाले?"

"मला."

साहेब खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्या खोलीत कोणी डोळे न मिटता बसलं होतं. चेहरा मी अगदी भोळा ठेवला. त्यांनी विचारलं, "जूनमधीच संपते न तुमचं?" मी हो म्हटलं. ते उठून गेले.

संध्याकाळी त्यांची मेल आली. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'मंजूर करून वर पाठवलं उद्या पाणी किती वाजता.'

त्या कारखान्यात मी पुढे बरीच वर्षं काढली, साहेब रिटायर झाले, ते सॉफ्टवेअरही मोडीत निघालं. पण ती मेल मी कधी उघडली नाही. साहेबांना त्या मेलची पावती शेवटपर्यंत गेली नाही.