आजऱ्याचा गोलकीपर

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. तशी ती ओठांपर्यंत पुष्कळदा आली. दुकानात मशीनवर एकटा बसलेलो असताना पुटपुटूनही पाहिली आहे. पण समोर माणूस आलं की मी पावसापाण्याचं बोलायला लागतो. तुम्ही समोर नाही आहात, तुमचा चेहरा मला दिसत नाही — त्यामुळं कदाचित आज जमेल.

मी शिंपी आहे. कोल्हापुरात, जुन्या पेठेत माझं दुकान आहे. लग्नाचे सफारी, शाळेचे गणवेश, आणि फुटबॉलचा सीझन आला की आमच्या तालमीचे झेंडे. बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागतं — आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. प्रत्येक तालमीची फुटबॉलची टीम असते आणि टीममागं अख्खी पेठ असते. पाऊस सरला की सामने सुरू होतात ते पार उन्हाळा संपेपर्यंत. तेवढे महिने आमच्या घरात साखरपुडा काढायचा झाला तरी आधी मॅच कधी आहे ते बघतात. हसू नका. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी अक्षता टाकून थेट स्टेडियमवर गेलो होतो, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यालाही स्कोअर हवा होता.

गॅलरीत माझी हलगी असायची. मी वाजवायला लागलो की आमच्या बाजूची सगळी पोरं उठून उभी राहायची. लोक मला दुकानामुळं नव्हे, हलगीमुळं ओळखायचे. हलगीवाला दिलीप. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढं कळेलच.

संतोष आमच्याकडं आला तो आजऱ्याहून. वडील तिकडं काजूच्या कारखान्यात. पोरगा उंच, हाडापेराचा, बोलायला कमी. तालमीच्या वरच्या खोलीत राहायचा, सकाळी सराव, दिवसा एका दुकानात काम. गोलकीपर म्हणून मात्र असा, की चेंडू त्याच्याकडं जातोय असं वाटायचंच नाही, तोच चेंडू बोलावून घेतोय असं वाटायचं. दर रविवारी तो आमच्याकडं जेवायला यायचा. माझी बायको त्याला समोर बसवून वाढायची, नको म्हणाला तरी वाढायची. तो मला दादा म्हणायचा, तिला वहिनी. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः धुवायचा. तिला ते आवडायचं नाही, पण त्याची सवय काही सुटली नाही.

त्या सीझनला आम्ही हरायचं विसरलो होतो. सेमीफायनलला टायब्रेकर झाला आणि शेवटची पेनल्टी त्यानं अडवली, तेव्हा पोरांनी त्याला स्टेडियमपासून पेठेपर्यंत खांद्यावरून खाली उतरू दिलं नाही. फायनल पलीकडच्या पेठेशी होती. आमच्या दोघांत नुसता खेळ कधीच नसतो. आजोबांच्या काळापासूनची खुन्नस.

आता इथं मी अडखळतोय. बघा, मी तुम्हाला टायब्रेकरचं सांगत बसलो. मुद्दा हलगीचा आहे.

हलगीचं कातडं फाटलं होतं म्हणून मी ती नव्यानं मढवायला दिली होती. मढवणारा कारागीर राहायचा पलीकडच्या पेठेत. दिली तेव्हा फायनलला कोण येणार ते ठरलेलं नव्हतं. ठरलं तेव्हा हलगी तिकडंच होती. फायनलच्या आदल्या दिवशी ती आणायला मी जायचं? मला कुणी मारलं नसतं. कोपऱ्यावरची पोरं दोन शब्द बोलली असती, शिट्ट्या मारल्या असत्या, बस. पण हलगीवाला दिलीप त्यांच्या दारातून मान खाली घालून जातोय, हे मला सोसवलं नसतं. मग दुसरी हलगी मिळाली नसती का? मिळाली असती. पेठेत चारजणांकडं होत्या.

दुपारी संतोष जर्सीची बाही आखूड करून घ्यायला दुकानात आला. मी त्याच्या हातात माझ्या गाडीची किल्ली ठेवली आणि हलगी आणायला सांगितली.

तो म्हणाला, "दादा, उद्या मॅच हाय. तिकडं कुणी बघितलं तर?"

"हेल्मेट घाल की. तुला कोण वळखतंय?"

 मग त्यानं किल्ली खिशात घातली. ज्या घरात जेवतो त्या घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं — हे त्याच्या मनात आलं असणार. मला त्या वेळीही ते दिसलं होतं. म्हणजे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

परत आला तेव्हा शर्टाची एक बाजू मातीनं माखलेली होती. पत्ता विचारायला त्यानं हेल्मेट काढलं, पोरांनी ओळखलं, ती मागं लागली. घाईत गाडी वळवताना एका बांधकामापुढच्या वाळूवरून घसरला. पडताना हलगी छातीशी धरून ठेवली आणि डावा हात जमिनीला टेकला. हलगीला ओरखडासुद्धा नव्हता. मनगट मात्र सुजायला लागलं होतं.

मी आधी काय केलं असेल? त्याच्या हातातून हलगी घेतली आणि बोटांनी वाजवून बघितली. आवाज छान होता. मग मनगट बघितलं.

शेजारच्या दुकानातून पट्टी आणून मी ती घट्ट गुंडाळली. "कोचला बोलू नको," मी म्हणालो. "बसवतील तुला उद्या." हे खरं होतं, दुसरा कीपर अगदीच कच्चा होता. पण खरं कारण ते नव्हतं. कोचनं विचारलं असतं, कुठं पडलास, कशाला गेलतास — आणि मग माझं नाव आलं असतं.

"बरं," तो म्हणाला.

फायनलला मी हात सोलेपर्यंत वाजवलं. मॅच बरोबरीत चालली होती. मला वाटायला लागलं होतं की निभावलं. शेवटी शेवटी त्यांच्या एका पोरानं लांबून एक फटका मारला. साधा फटका होता, अशांना संतोष झेलून हसायचा. तो डावीकडं झेपावला, हात बरोबर चेंडूवर गेला, आणि हात मागं मुडपला. चेंडू त्याच्या बोटांवरून हळूच आत गेला. इतका हळू, की रेषा ओलांडेपर्यंत आमच्या बाजूला कुणी श्वासही घेतला नाही.

आम्ही हरलो. गॅलरी उतरायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं की काल हा त्यांच्या पेठेत हुता, माझ्या मेव्हण्यानं डोळ्यानं बघितलाय. दुसरा म्हणाला, मग असंच असणार की. फाटकाबाहेर येईपर्यंत तो विकला गेला आहे हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी त्या गर्दीत चालत होतो. माझ्या खांद्याला हलगी होती.

संध्याकाळी तालमीत सगळे जमले. आमचे वस्ताद म्हणजे तालमीचे अध्यक्ष, जुने पैलवान, आवाज चढवत नसत. त्यांनी संतोषला समोर उभा केला.

"काल तिकडं गेलतास?"

"गेलतो."

"कशाला?"

 त्यानं माझ्याकडं बघितलं. टक लावून नव्हे, रागानंही नव्हे. घरी वहिनी विचारायची, भात वाढू का, तेव्हा तो माझ्याकडं बघायचा ना, दादा आधी घेतील म्हणून — तसं. तो मला आधी बोलू देत होता.

त्याच्या बघण्यावरून वस्ताद माझ्याकडं वळले. "दिलीप, तुझ्याकडं जेवायला असतोय. तुला काय बोलला का?"

खरं सांगायला काय लागलं असतं? हलगी आणायला मीच पाठवलं होतं, एवढंच. लोक चिडले असते, मला शिव्या घातल्या असत्या, पुढचा सीझन मला गॅलरीत वाजवू दिलं नसतं. याहून जास्त काहीच झालं नसतं. मी आजवर कितीतरी वेळा मोजून बघितलं आहे. याहून जास्त काही निघत नाही.

"मला काय न्हाई बोलला, वस्ताद," मी म्हणालो.

संतोषनं मान खाली घातली. त्यानंतर त्याला काहीही विचारलं तरी तो बोलला नाही, आणि लोकांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला. पोरांनी वरच्या खोलीतून त्याची पिशवी खाली फेकली. एक बूट गटारीत गेला. तो त्यानं वाकून उजव्या हातानं काढला, झटकला, पिशवीत घातला आणि गेला.

घरी बायकोनं विचारलं, "खरं हाय का ओ?" मी म्हणालो, "लोक म्हणत्यात खरं."  पुढच्या रविवारी तिनं कमी भाकऱ्या थापल्या. त्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

तुम्हाला वाटेल, सांगून झालं. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं, की माझं पाप ते हेच. मी सामन्यांना जात राहिलो, वाजवत राहिलो, पण एका जागी बसवेना. कधी या टोकाला, कधी त्या. आमच्या गोलपोस्टमागं तर मी उभाच राहू शकत नव्हतो. नवा कीपर डावीकडं झेपावला की माझं मनगट दुखायचं — हे कुणाला सांगणार? शेवटी ठरवलं की आजऱ्याला जायचं आणि बोलून मोकळं व्हायचं. एसटीत बसल्यापासून वाक्यं जुळवत गेलो. घाट चढेपर्यंत ती पाठ झाली होती.

घर सापडलं. अंगणात त्याचे वडील बसले होते. बोटं काजूच्या टरफलाच्या तेलानं काळी पडलेली, आयुष्यभराची. मी नाव सांगितलं, कोल्हापूरचा म्हणालो. ते एकदम उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. धरायला हवी होती.

त्यांनी हात जोडले.

"पावणं," ते म्हणाले, "तुमच्या घरचं अन्न खाल्लं आमच्या पोरानं आन तुमच्याच पेठंला दगा दिला. मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. मी त्याला अजून माफ केल्यालं न्हाई. तुमी करा."

पाठ केलेली वाक्यं कुठं गेली? सगळी होती. तोंडात होती. आणि मी काय बोललो, तर — "असू दे आता. झालं गेलं."

तेवढ्यात संतोष आतून चहा घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलेलं होतं, दार उघडंच होतं. अंगानं भरला होता, केस मागं हटले होते. कप त्यानं उजव्या हातानं ठेवला. डावं मनगट पुरतं वळत नव्हतं, ते मला दिसलं.

"वहिनी बऱ्या हायत?" त्यानं विचारलं.

"बऱ्या हायत."

वडील त्याच्यावर खेकसले. "माणूस एवढा लांबनं आलाय. माफी माग त्यांची. तोंड हाय का न्हाई तुला?"

संतोषनं माझ्याकडं बघितलं. तालमीत बघितलं होतं तसंच. पुन्हा एकदा तो मला आधी बोलू देत होता. मी कपाकडं बघत राहिलो. मग तो म्हणाला, "चुकलं, दादा."

त्यावर मी काय केलं ते सांगतो. जरा थांबा. आधी बाकीचं सांगू द्या.

स्टँडपर्यंत तो मला सोडायला आला.  गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाला, "आता परत येऊ नका, दादा. कुणी कोल्हापूरचं आलं की आबा पुढं कितीतरी दिवस मला घालून पाडून बोलत्यात. जेवत न्हाईत." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. परक्या माणसाला वाट सांगावी तसं त्यानं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि खिडकीशी बसलो.

मी परत गेलो नाही. त्यानं नको म्हटलं म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला पाहिजे तेच तो बोलला होता.

परवा आजऱ्याचा एक काजूवाला दुकानात पिशव्या शिवून घ्यायला आला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. आबा वारले म्हणाला, दिवाळीच्या पुढं. पोरानं शेवटपर्यंत केलं, पण बापाचं मन काही साफ झालं नाही, कायतरी जुनं होतं म्हणे फुटबॉलचं. मी त्याच्या पिशव्यांचं माप घेतलं. दोनदा चुकलं.

आता वडिलांना सांगायचं राहिलंच. कुणी कितीही सांगितलं तरी त्यांच्यापर्यंत ते पोचणार नाही. बायकोला हे वाचून कळेल, पेठेलाही कळेल. कळू दे.

आणि त्या दिवशी अंगणात — तो चुकलं म्हणाला तेव्हा — मी मान हलवली. मोठ्या मनाच्या माणसानं हलवावी तशी, सावकाश. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा पिऊन टाकला.