गोष्ट सांगितल्याशिवाय पीठ नाही

पिंपळगाव रेणुकाईत माझ्या वयाचं जे कुणी वाचायला शिकलं, ते शाळेमुळे नव्हे, पिठाच्या गिरणीमुळे शिकलं, असं मी म्हटलं तर आमचे गुरुजी स्वर्गातूनही छडी उगारतील. उगारोत बापडे! खरं आहे ते खरं आहे. गुरुजींनी अक्षरं दिली, पण त्या अक्षरांची भूक लावली आमच्या गिरणीवाल्यानं. सारा गाव त्याला गिरणीमामा म्हणायचा. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं कायम पिठानं पांढरं. आणि आवाज असा, की गिरणीत बोललेलं रेणुकाईच्या देवळात ऐकू यावं. जन्मभर इंजिनाशी ओरडून बोललेला माणूस, तो घरात बायकोकडे मीठ मागायचा तरी शेजारीण मीठ घेऊन यायची.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली होती. मामांची सगळी शाळा उर्दूतली. "मराठी वाचाया बसलो की माझं इंजन पहिल्याच वळीला बंद पडतं," असं ते स्वतःच हसत सांगायचे. पण गोष्टीचं वेड बिलकुल आवरायचं नाही. मग त्यांनी जालन्याच्या बाजारातून एक जुनं, जाडजूड, कव्हर गेलेलं गोष्टीचं पुस्तक आणलं. त्याचं नाव काय, लिहिलं कुणी, देव जाणे. पोरं पुष्कळ आणि पुस्तक एकच, तेव्हा मामांनी शेतीचे घालतात तसे पुस्तकाचे वाटे घातले! शिवण उसवली, पोती शिवायचं दाभण घेतलं आणि एकेक वाटा सुतळीनं शिवून पोरांच्या हातात ठेवला. आम्ही दळण घेऊन जायचो, पोत्यांवर बसून वाचायचो आणि दळण झालं की मामा डबा मांडीखाली दाबून विचारायचे, "हां. मंग?" गोष्ट सांगितल्याशिवाय पीठ मिळायचं नाही. कुणी नुसतंच "घोडा चोरीला गेला" म्हणून डब्याला हात घातला, तर मामा डबा आणखी मागं सरकवायचे. "कसा गेला? कुणी न्हेला? नाल वाजली का न्हाई?" की पोरगं परत पानात डोकं घालायचं. घरी तव्याखाली जाळ पेटलेला, आया दारात येऊन ओरडायच्या, आणि इकडे मामांना चोराचा ठाव लागलेला नसायचा.

घोडा नदीत उतरला तो दिवस मला लख्ख आठवतो. काय सांगू, अंगावर काटा आला होता! सांगणाऱ्या पोराचा आवाज इंजिनात बुडायला लागला, तशी मामांनी झेप घेऊन इंजिनच बंद केलं. अर्धं दळण जात्यात अडकलं. बायका आधी कडाडल्या, आणि मग त्याही पुढं सरकून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत घोडा नदीत उतरल्याची बातमी गावभर झाली होती. आम्हा पोरांचे तर हाल विचारू नका. पुढचा वाटा ज्याच्याकडे, त्याच्या मागं मागं आम्ही बोरं आणि चिंचा घेऊन फिरत होतो. जिथं आधी गोट्यांवरून भांडणं व्हायची, तिथं आता पानांवरून व्हायला लागली.

शेवटचा वाटा मामांनी मला दिला, कारण मी झपाट्यानं वाचायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शाळेतून काढलं. "चौथी झाली, बास झालं. पोरीच्या जातीला शिकून काय करायचं?" गिरणीवर जाणंही बंद, कारण तिथं म्हणे पोरी बिघडतात. दळण धाकटा भाऊ नेऊ लागला. मी ज्वारीच्या कणगीआड बसून तो वाटा पुन्हा पुन्हा वाचायची आणि रडायची. हे संपलं की आपलं वाचणंच संपलं, एवढं मला कळत होतं.

इकडे मामांनी गिरणीला कुलूप ठोकलं. "शेवटाबिगर इंजन चालू व्हायचं न्हाई," असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. बायकांनी अडगळीतली जाती काढली, हाताला फोड आले, आणि शेवटी सगळ्या मिळून आमच्या अंगणात येऊन ठाकल्या. "अवं भाऊ, पोरीला धाडा की एकडाव! चुली थंड पडून राह्यल्यात!" दादा तणतणत मला घेऊन गिरणीवर आले. निम्मा गाव जमलेला. मी पोत्यावर उभी राहून वाचायला लागले. चोर सापडला, पण घोडा पुरात वाहून गेला, मालकाची मुलगी रोज काठावर उभी... आणि एक पान राहिलं असताना मी थांबले.

"हां. मंग?" मामा ओरडले.

मी वाटा मिटून छातीशी धरला आणि म्हणाले, "ऱ्हायलेलं उद्या. शाळा सुटल्यावर."

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा लालबुंद. मामांनी इंजिनाच्या हँडलला हात लावला नाही की तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्या जन्मात ते तेवढे एकदाच गप्प बसले असतील. शेवटी दादाच खाली बघत म्हणाले, "घोडा जित्ता हाय का, तेवढं तरी सांग."

"उद्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. घोडा परत आला. "मला ठावं होतं, जनावर घर इसरत न्हाई," असं दादा घरी जाईपर्यंत सांगत होते. त्यानंतर माझ्या शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढं मी मास्तरीण झाले. गिरणी विजेवर आली, जुनं इंजिन भंगारात गेलं, आणि त्याच इंजिनानं मामांचे कान नेले. परवा भेटायला गेले तेव्हा मामा अगदी वाळून गेले होते. मी पिशवीतून नवं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"माय, आधी इंजन बंद कर. काही ऐकू येऊन न्हाई राह्यलं."

खोलीत चिडीचूप होतं. मी उठले, कोपऱ्यात गेले आणि मोकळ्या हवेत हात फिरवला.

"केलं मामा बंद."

ते उशीवरून थोडे पुढं सरकले.

"हां. मंग?"