अळणी

सुरुची लवाटे हडपसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे यजमान अवधूतराव वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. बाईंना अर्धवट काही करणं ठाऊक नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी अवधूतरावांना रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि "मीठ कमी करा" म्हटलं, तेव्हा बाईंनी घरी येऊन मिठाची बरणीच शेजारच्या दीपालीला देऊन टाकली.

"काकू, निदान सैंधव तरी ठेवा," दीपाली म्हणाली. "उपासाला चालतं की."

"उपास देवाचा, रक्तदाब आमचा. सैंधव काय नि काळं मीठ काय, मुळात सगळं सोडियम क्लोराईडच."

लोणचं गेलं, पापड गेले. आमटी कोकमावर आणि आल्यावर भागू लागली. बाईही तेच जेवत. अवधूतराव जन्माचे तिरकस. पहिल्याच दिवशी भुरका मारून म्हणाले, "वा. गरम पाण्याला आमटीचा वास छान लागलाय."

मग एकदा पानावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काय गं, आम्लाच्या उलट आम्लारी म्हणायचीस ना पोरांना? मग मिठाच्या उलट काय?"

"मिठाला उलट काही नसतं. आम्ल नि आम्लारी एकमेकांना भिडून निवले, की उरतं ते मीठ. आणि पाणी."

"म्हणजे आपलं लग्नच की."

बाईंना हसू आवरलं नाही.

मे महिन्यात अवधूतरावांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बाई उकळून गार केलेलं पाणी पेल्यामागून पेला देत राहिल्या. साखर घातली. मिठासाठी दीपालीकडे जायला उठल्या, दारापर्यंत गेल्याही. पण रक्तदाब वाढला तर, या धास्तीनं परतल्या. गोळी मात्र रोज चालू होती. ती लघवीवाटे शरीरातलं मीठ बाहेर टाकणारी होती.

जुलाब थांबले. पण अवधूतराव गप्प झाले. बाईंकडे बघून म्हणाले, "शाळा सुटली का?" बाईंना वाटलं, अशक्तपणा असेल, ऊनही फार आहे. दुपारी खुर्चीत बसल्या जागी त्यांचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि तोंडाला फेस आला. दीपालीनं रुग्णवाहिका बोलावली.

"रक्तातलं सोडियम एकशे बारावर आलंय," रुग्णालयातली तरुण डॉक्टर म्हणाली. "एकशे पस्तीसच्या खाली जाता कामा नये, मेंदूला सूज येते. जेवणात मीठ कितपत घेतात?"

"घेत नाहीत."

"म्हणजे कमी?"

"अजिबात नाही. मी बंद केलं."

डॉक्टरनं ते कागदावर टिपून घेतलं. तिनं रागावायला हवं होतं, असं बाईंना वाटलं.

"मग आता भराभर चढवा ना," त्या म्हणाल्या.

"तसं नाही करता येत. एकदम वाढवलं तर मेंदूला आणखी इजा होते. हळूहळूच भरून काढावं लागतं."

सलाईनच्या बाटलीवर सोडियम क्लोराईड असं छापलेलं होतं. बाई ते पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. दर उन्हाळ्यात त्या स्वतःच वर्गात सांगायच्या, जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी प्या, नुसतं पाणी नको. पोरांच्या आया येऊन सांगायच्या, बाई, तुमच्यामुळे लेकरू वाचलं.

अवधूतराव वाचले. पण मेंदूला आलेली सूज ओसरली तेव्हा बरंच काही सोबत घेऊन गेली. काही परत येईल, काही येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता ते बाईंच्या हाताला धरून गॅलरीपर्यंत चालतात. जेवणात बेताचं मीठ असतं. पानात पडेल ते निमूट खातात, नावं ठेवत नाहीत. भाजी कधी करपली तरी "उत्तम" म्हणतात. बाई मुद्दाम वाट बघतात, आता तरी एखादा टोमणा येईल. येत नाही.

परवा दुपारी बाईंनी त्यांना भरवलं, तोंड पुसलं आणि ताट उचललं. अवधूतरावांनी परक्या घरच्या पाहुण्यासारखे हात जोडले.

"आपण जेवलात का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

बाई ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या, "जेवले मी." आणि आत जाऊन नळ सोडला.