आबांच्या ऑटोमॅटिकला धाप लागते

"लावून तर बघ त्यो हूक! हुकासकट तुलाच पवनेत बुडवीन!"

कुसगावात माझ्या गॅरेजसमोर तिकोणा पेठेचे आबा भंगारवाल्याच्या क्रेनपुढं आडवे उभे होते. आवाज असा, की लायन्स पॉइंटची माकडं कानात बोटं घालून बसली असतील. क्रेन बोलावली होती त्यांच्याच मुलानं, संदीपनं.

"आबा, गीअरबॉक्स गेलाय. पुण्याच्या वर्कशॉपनं सांगितलंय. परवा चढावर गाडी मागं यायला लागली, पाठीमागं एसटी होती. काही झालं असतं म्हणजे?"

"झालं का? न्हाई ना? मग!"

पोराचं चुकत नव्हतं. पण आबांचा डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबणं अशक्य. ही जुनी ऑटोमॅटिक गेली की स्टिअरिंग कायमचं सुटलं. मग कुठंही जायचं तर पोराला विचारून. आणि आबांनी उभ्या जन्मात कुणाला विचारून काही केलेलं नाही.

"क्रेन थांबू दे," मी म्हणालो. "मेलेला गीअरबॉक्स मी वासावर ओळखतो. खंडाळ्यात जळला तर मला इथं शिंक येते!"

इंजिन चालू ठेवून ऑइलची पट्टी ओढली. या गाडीचं गीअर ऑइल तसंच बघायचं. लेव्हल बरोबर. रंग लाल हवा, तो चहासारखा झालेला. पण बोटावर चोळलं तर ना जळका वास, ना चमचमणारा धातूचा कीस. म्हणजे आतला माल शाबूत.

आबांना शेजारी बसवलं आणि गाडी लायन्स पॉइंटच्या चढाला घातली. आधी घोड्यासारखी पळाली. तापल्यावर मात्र इंजिन बोंबलतंय आणि चाकं ढिम्म. याला आम्ही स्लिप होणं म्हणतो. बाजूला घेतली, दोघांनी भजी खाल्ली. परत चालू केली तर परत घोडा!

मेलेला गीअरबॉक्स भजी खाईपर्यंत जिवंत होत नसतो. याला नुसती धाप लागत होती. ऑइल तापून पातळ व्हायचं, प्रेशर पडायचं. मग ऑइल थंड करणारा कुलर काय झोपला होता?

गॅरेजला येऊन बंपर उतरवला. कुलर म्हणजे पुढच्या जाळीमागचा छोटा रेडिएटर. त्यात भाताचं भूस ठासलेलं. इतकं, की दोन म्हशींची वर्षाची सोय झाली असती.

"आबा, गाडी चालवता का गिरणी?"

आबा डोंगराकडं बघायला लागले. सांगितलं संदीपनं. आबांच्या खळ्याशेजारी चुलतभावाचं अंगण. मधल्या कुंपणाला गाडीएवढं खिंडार. ते कुणी बुजवायचं यावरून दोघांचं वाकडं. अंगणात भूस उडतं म्हणून चुलतभाऊ एकदा ओरडला. तेव्हापासून उफणणीचा पंखा लागला, की आबा त्या खिंडारात बूच म्हणून गाडी घालायचे, तोंड पंख्याकडं. वर आत एसी लावून मजुरांवर लक्ष ठेवत बसायचे. एसी चालू म्हणजे गाडीचा फॅन चालू. तो सगळं भूस आत ओढायचा.

"कुंपण त्याचं हाय. म्या का बुजवू?" आबा गरजले.

तेव्हापासून माझा नियम: ऑटोमॅटिक आली की कॉम्प्युटर नंतर, आधी विचारायचं, गाडी उभी कुठं असते?

कुलर धुतला, ऑइल बदललं. या खेपेला स्टिअरिंगवर आबा, मागं जीव मुठीत धरून संदीप. भर चढावर, एसी चालू. गाडी एकदाही स्लिप झाली नाही. खाली आल्यावर संदीपनंच क्रेन परत पाठवली, आणि ती वळेस्तोवर आबा हॉर्न वाजवत होते.

"आबा," मी खिडकीशी जाऊन बजावलं, "ह्यापुढं उफणणीला ही गाडी लावायची नाही. कबूल?"

आबांनी शांतपणे सीटबेल्ट ओढला.

"न्हाई लावत. ट्रॅक्टर लावतो."