एकच जंतू, दोन पोरी

मला राग लवकर येतो, हे तलमडुगूतल्या आमच्या भाजीच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात सासूबाईंवर आला तसा राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता.

माझी लेक आणि धाकट्या जावेची लेक, दोघी एका ताटात जेवणाऱ्या. दोघींचा घसा एकदमच धरला. माझ्या पोरीचा आल्याच्या काढ्यानं मोकळा झाला आणि ती अंगणात उड्या मारायला लागली. जावेच्या पोरीला मात्र सणकून ताप भरला. मानेपासून पोटापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं, आणि जीभ तर अशी लाल, खरबरीत, की बघवेना. सासूबाईंनी पुरळ पाहिलं आणि हात जोडले. "माय आली व," म्हणाल्या.

आमच्याकडे माय, म्हणजे देवी, आली म्हटलं की संपलं. दाराला आणि पोरीच्या उशाला कडुनिंबाचा डहाळा, सुई नाही, गोळी नाही, आणि घरात फोडणी नाही. तेल चरचरलं की देवी कोपते म्हणे. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पोरीले आदिलाबादले दवाखान्यात नेऊ."

"सुई टोचली तं माय आतच जिरते. तुले काय समजते त्यातलं?"

मी भांडी आपटली. दुसरं काय करणार? नवरा आणि दीर दोघंही आईपुढे मुके.

बिनफोडणीचं वरण माझी लेक काही खाईना. रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हा जावेनं परसातल्या चुलीवर गुपचूप पळीभर तेल तापवलं, मोहरी-लसूण टाकला आणि माझ्या पोरीच्या वाटीत ओतलं. स्वतःची पोर आत फणफणत असताना तिला माझ्या पोरीची भूक दिसली! असली बाई आहे ती. पण लसणाचा वास कुठे लपतो? सासूबाई आल्याच मागं.

आणि नेमकी त्याच दुपारी जावेची पोर ढासळली. हातपाय गार पडले, हाक मारली तर ओ देईना.

"केलं ना वाटोळं? मायले चटका देला तुनं!" सासूबाई ओरडल्या. जाऊ पोरीचे गार तळवे चोळत बसली. माझं मात्र डोकं फिरलं. बाजाराला निघालेल्या ऑटोतले वांग्याचे कॅरेट मीच खाली ओढले, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "ज्याले यायचं त्यानं बसा, नाई तं बाजूले व्हा." जाऊ बसली, सासूबाईही बसल्या. सासूबाई वाटभर देवीची माफी मागत होत्या, आणि जाऊ वाटभर एकच म्हणत होती, "मी काऊन देली व फोडणी?"

दवाखान्यात पोरीला लगेच सलाईन लागलं, सुया सुरू झाल्या. वाचेल म्हणून सांगायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिनं पाणी मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. जाऊ मात्र हसलीच नाही. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या तशी तिनं विचारलं, "एकाच ताटात जेवल्या दोघी. मंग माह्याच पोरीले काऊन?"

डॉक्टरीणबाई तेलुगू, पण मराठी बरी बोलायच्या. त्यांनी स्टूल ओढलं. हा गोवर नाही, म्हणाल्या. घशातला जंतू विष सोडतो, त्याचं हे पुरळ. जंतू दोघींना बहुतेक एकच लागला. पण या जंतूंचं विषही सगळीकडे एकसारखं नसतं. वांग्याचं बियाणं बदललं की वांगं बदलतं, तसं तेही बदलतं. माझ्या लेकीच्या अंगाला नेमक्या याच वाणाच्या विषाची आधीची ओळख असावी, म्हणून त्यानं मुकाट निपटारा केला. हिच्या अंगाला ते नवं. शिवाय कुणाचं अंग अशा विषावर किती भडकेल, हेही थोडंफार आईबापाकडून येतं. हिचं इतकं भडकलं की त्या भडकण्यानंच पोर खचली.

"म्हंजे माह्या रक्तातच खोट हाय?"

"खोट कसली? दुसऱ्या एखाद्या रोगावर हेच अंग भारी पडेल."

"अन् फोडणीनं?"

"कसली फोडणी?" डॉक्टरीणबाईंना कळेचना. मी सगळं सांगितलं. "छे हो! फोडणीचा काय संबंध? सुई आधी मिळाली असती तर एवढं वाढलं नसतं, इतकंच."

जाऊ तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडली. मी वळले. सासूबाई दारातच उभ्या होत्या, सगळं ऐकत. आता बोला, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"माह्या थोरलीलेबी असंच पुरळ होतं," त्या म्हणाल्या. "जीभबी अशीच लाल. कंपौंडर सुई घेऊन दारात आला होता. मी त्याले वापस धाडला."

थोरली? आम्ही दोघी तर माझ्या नवऱ्यालाच थोरला समजत होतो. या घरात एक मुलगी होऊन गेली, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"बाई, खरं सांगा," सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "तवा सुई देली असती तं वाचली असती का व ते?"

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आधीच जाऊ उठली. नाक-डोळे तसेच वाहत होते. ती सासूबाईंना खेटून फरशीवर बसली आणि त्यांचं डोकं तिनं आपल्या छातीशी घेतलं.

"नसती वाचली, आत्याबाई. तवाच्या सुईत एवढा दमच नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी एकदा जावेकडे पाहिलं. मग खाली वाकून सासूबाईंना म्हणाल्या, "हो. नसती वाचली."