जागेवरचा ठोका

फोन यशवंताच्या बायकोचा, सुमनवहिनींचा होता. दुपारची वेळ, मी भिसेगावच्या घरी नुकता ताटावर बसलो होतो. ‘भावजी, यांच्या पोटात कायतरी फुटलंय म्हनतात… पनवेलला आनलंय. तुमी या.’ पोटात काय फुटणार? मी चिडलोच. माणूस घाबरला की वाट्टेल ते बोलतो, असं पुटपुटत हात धुतला आणि निघालो. मी पोचेपर्यंत यशवंता गेला होता. वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याच्या चपला होत्या.

चौक गावात, जुन्या हायवेवर, यशवंताचं रेडिएटरचं दुकान आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान, मध्ये एक पत्र्याची भिंत. उभा जन्म आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना शिव्या घातल्या. म्हणजे मी घातल्या, तो हसायचा. माझं डोकं लगेच तापतं, त्याचं कधीच तापलं नाही. तोंडात विडी, अंगात काळवंडलेली बनियन, आणि गाडीचं बॉनेट उघडलं की पहिला हात पाण्याच्या रबरी पाइपावर. पाइप कुठे फुगलाय का ते तो डोळे मिटून चाचपायचा. ‘ह्यो बदल रं बाबा, घाटात दगा देईल,’ असं ड्रायव्हरला सांगायचा. एखादा हुज्जत घालायला लागला की यशवंता त्याचाच हात धरून त्या फुगवट्यावर टेकवायचा.

त्याच्यापेक्षा वहिनींचं नाव मोठं होतं. त्या बेंबी बसवायच्या. आमच्याकडे पोटात दुखलं, जुलाब लागले, जड उचलून कळ आली की बेंबी सरकली म्हणतात. लोधिवलीपासून बायाबापड्या सकाळी उपाशीपोटी त्यांच्या पडवीत येऊन बसत. वहिनी माणसाला उताणं झोपवायच्या आणि अंगठा बेंबीत रोवून ठोका शोधायच्या. ठोका बेंबीखालीच लागला तर बेंबी जागेवर. बाजूला लागला तर सरकली. मग पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायचा, पायाचे अंगठे ओढायचे, आणि माणूस उठून चालता व्हायचा. मी कधी त्यांच्यापुढे झोपलो नाही, पण माझी बायको दोनदा बरी होऊन आली, तेव्हा मी काय बोलणार, कपाळ!

यशवंताचं पोट गेल्या दिवाळीनंतर दुखायला लागलं. मधूनच पाठीत कळ, जेवलं की जड. पित्त म्हणाला. सोडा प्यायला, तिखट सोडलं, विडी मात्र सोडली नाही. ‘डॉक्टरकडं जा की रं गाढवा,’ मी म्हटलं, तर म्हणाला, ‘घरात डॉक्टर हाय माज्या.’ आणि खरंच वहिनी त्याला रोज सकाळी झोपवून बघायच्या. रोज एकच निदान. ठोका बरोबर मधोमध. नुसता मधोमध नाही, असा ठणठणीत की अंगठा वर उचलला जायचा. वहिनींच्या हिशेबात मंद ठोका वाईट, सरकलेला ठोका वाईट. असा जोरकस ठोका म्हणजे माणसाच्या अंगात रग आहे. त्या हसून म्हणायच्या, ‘तुमाला काय धाड भरलीय? ढोल वाजतोय नुसता!’

त्याला त्याचं भारी कौतुक. दुपारी दुकानातल्या बाकावर उताणा पडायचा, बनियन वर करायचा आणि पोटावर काडेपेटी ठेवायचा. काडेपेटी उडायची. अक्षरशः उडायची. टेंपोवाले, पंक्चरवाला, चहा घेऊन येणारा, सगळे जमून हसायचे. ‘बघ रं अनंता, इंजिन कसं हाय!’ आम्हाला ते इंजिनच वाटलं. काय करणार…

त्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तरुण होते, दमलेले होते. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शर्टावरच बोट ठेवून दाखवलं. हे इथे, डाव्या बरगडीखाली, जठर. जेवण पडतं ती पिशवी. यशवंता जिला दोष देत होता ती. तिच्या मागे, थेट मणक्याला टेकून, काळजाकडून येणारी सगळ्यात मोठी धमनी खाली उतरते. जठराला, आतड्यांना, मूत्रपिंडांना तिचेच फाटे जातात, आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन भाग होऊन ते दोन्ही पायांकडे निघतात. यशवंताची ती धमनी एका जागी पातळ होऊन फुगली होती. फुगवटा वाढत गेला आणि त्या दुपारी फाटला. एकदा सोनोग्राफी झाली असती तर दिसला असता, शस्त्रक्रिया होऊ शकली असती. मला पुढचं समजावून सांगायची गरज राहिली नाही. फुगलेला पाइप म्हणजे काय हे आमच्या चौक गावात कोणाला सांगावं लागत नाही. मी तिथे भिंतीला धरून उभा राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो.

वहिनी स्वतःला दोष देतील अशी मला धास्ती होती. म्हणून डॉक्टरांना निघताना विचारून घेतलं, घरचे रोज पोट दाबायचे, त्याने तर झालं नसेल? ते म्हणाले, नाही, तसल्या दाबण्याने ती फुटत नाही, आम्हीही हातानेच तपासतो. ते वाक्य मी जपून ठेवलं.

दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले. मागल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो, तर पडवीत एक बाई पोट धरून बसलेली. ‘मावशी, नुसता हात तरी लावा,’ म्हणत होती. वहिनींनी हात पदराखाली घेतले. ‘नाय गं बाय. दवाखान्यात जा.’ बाई कुरकुरत गेली. आतल्या खुंटीवर त्याचा सदरा तसाच होता.

‘भावजी, खरं सांगा. माज्या दाबन्यानं गेले का वो हे?’

ह्याच प्रश्नासाठी मी तयार होतो. घाईघाईने म्हणालो, ‘छे हो वहिनी! डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. दाबून फुटत नाही ती धमनी. उलट डॉक्टरसुद्धा अशीच ओळखतात. पोटावर हात ठेवतात, आणि मधोमध जोरात ठोका लागला की त्यांना संशय येतो.’

वहिनींनी मान वर केली. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या… वाटलं, बरं झालं बोललो.

‘मधोमध? जोरात?’

मी मान डोलावली. तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलून बसलोय.

‘म्हंजे सगळ्यांच्या आदी माज्या हाताला लागली व्हती ती,’ त्या म्हणाल्या. ‘रोज लागत व्हती. आन मी हसले, भावजी. त्यांना पन हसवलं.’