बांधावर समोरासमोर

आमचं ऑफिस तळेगावात, एका हाउसिंग सोसायटीच्या मागच्या दुमजली इमारतीत. परक्या देशांच्या उपग्रहांवर डोळा ठेवायचा, हे माझं काम. सासूबाई याला दुसऱ्याच्या घरात डोकावणं म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही.

त्या दिवशी आपल्या यानात तीन माणसं होती. सकाळीच दिसलं, की एका देशाचा बिनमाणसांचा उपग्रह संध्याकाळी यानाच्या फार जवळून जाणार आहे. त्या देशाशी आपलं धड बोलणं नाही. यान चालवणाऱ्यांनी ते थोडं वर सरकवायचं ठरवलं आणि रीतीप्रमाणे तसं जाहीरही केलं. दुपारी नवे आकडे आले. त्यांनीही आम्हाला पाहिलं होतं आणि त्यांचा उपग्रहही वरच सरकला होता. आता यान वर गेलं असतं तर थेट त्याच्या पुढ्यात.

आमच्या ऑफिसचे प्रमुख, सर, म्हणाले, मग रद्द करायला सांगू. मी म्हटलं, आणि आपण वर येणार हे वाचून ते पुन्हा खाली उतरले तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आमच्या मावळात भातखाचराच्या बांधावर दोघं समोरासमोर आले की हेच होतं. दोघंही भले असले तर विचारूच नका. एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात आणि मिळून चिखलात जातात. म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, लहानपणीच दटावून ठेवलं होतं, "डोईवर वजं हाय त्यानं हलायचं न्हाई. उभं ऱ्हायचं आन् वरडून सांगायचं, मी थांबलोय म्हून."

सर पक्के पुण्याचे. मी त्यांना आबांचं सांगितलं, तेव्हा हे वरिष्ठांना कोणत्या तोंडाने सांगू, असं त्यांनी विचारलं, पण फोन उचलला. यान जागचं हलणार नाही असं ठरलं. त्या देशाला कळवायचं मात्र आमच्याच गळ्यात पडलं. मी लिहिलं, की आम्ही थांबलो आहोत, यानात माणसं आहेत, कृपा करून तुम्हीही हलू नका.

उत्तर आलं नाही. तो उपग्रह पृथ्वीभोवतीच्या दर फेरीत एकदाच रडारला दिसे. मधे तो काय करतोय, देव जाणे. मला त्यांचा संताप येत होता आणि स्वतःची भीती वाटत होती. बांधावर चुकलं तर कपडे भरतात, इथे तीन घरं उजाड झाली असती. टेबलावरच्या चहावर साय धरली.

उपग्रह वरच्या वर निघून गेला. आम्ही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते खुर्च्यांत बसून राहिलो.

मग उत्तर आलं. "खाली उतरायच्या बेतात होतो. तुमचं वाचून थांबलो. माणसं सुखरूप आहेत ना?"

मला रडू आवरेना. शेवटी सरांनीच 'हो' लिहून पाठवलं.